ख्रिस्तवासी नारायण वामन टिळक व त्यांचा देवाचा दरबार

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लहानलहान मंडळ्यांत प्रभुवारी जी मराठी भजने म्हटली जातात, त्यांतील पुष्कळ एकाच माणसाच्या हातची आहेत. अक्षरओळख नसलेल्या आपल्या म्हाताऱ्या बायांसही ती तोंडपाठ असतात. त्या माणसाचे नाव नारायण वामन टिळक. कवी म्हणून हे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी जे कार्य हाती घेतले, त्याची वार्ता आमच्या रानातल्या गावांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. त्या कार्यास त्यांनी देवाचा दरबार असे नाव दिले होते.

ही कथा आज सांगावी असे आम्हांस वाटले, त्यास कारण आहे. आपल्या बहुतेक प्रत्येक मंडळीत एक तरी मनुष्य असा असतो की, तो उपासना सुरू झाल्यावर येतो, दाराजवळच्या चटईच्या टोकावर बसतो, डोळे मिटून प्रार्थना करितो आणि सर्वांच्या आधी उठून जातो. त्याचा बाप्तिस्मा झालेला नसतो. घरच्यांची भीती असते, जातीची भीती असते, लेकीच्या सोयरिकीची काळजी असते. मंडळीच्या वहीत त्याचे नाव नसते. असा मनुष्य आपला की परका, हा प्रश्न उपदेशकांच्या बैठकीत वारंवार निघतो आणि उत्तर न मिळताच बैठक संपते. टिळकांनी या प्रश्नाचे उत्तर केवळ लेख लिहून दिले नाही. त्यासाठी त्यांनी आपले बस्तान उठविले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे व रागीट होते. आई जानकीबाई भक्तिमार्गी असून तिला कवितेची गोडी होती. लहानपणची काही वर्षे कल्याणास गेली. बारावे वर्ष सरले नाही तोच आईचे छत्र हरपले. तिच्या मरणाने या मुलाच्या मनावर असा घाव बसला की, तो घर सोडून नाशिकास निघून गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही काही काळ ते शिकले. पण पोटापाण्याच्या विवंचनेमुळे ते शिक्षण पुरे झाले नाही.

सन १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. वधू नाशिकजवळच्या जलालपूरची, अकरा-बारा वर्षांची मनकर्णिका. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई झाले. लग्नानंतरही टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरला नाही. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक व कीर्तनकार, कोठे छापखान्यातील नोकर, अशी अनेक गावची अनेक कामे त्यांनी केली व सोडली. पाहणारांस तो केवळ लहरीपणा दिसे. आम्हांस वाटते की, त्या भटकंतीच्या मुळाशी एक भूक होती, आणि ती कशाने भागेल हे त्यांचे त्यांनाही तेव्हा उमगले नव्हते.

या भुकेने त्यांना आमच्या मुलखाकडे आणले. सन १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. त्या काळी नागपूर व चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रांतात होते. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांच्या कामात गुंतले आणि ऋषि नावाचे मासिक चालवू लागले. त्यात धर्मविषयक प्रश्नांची चर्चा असे. लिहिता लिहिता संपादकाच्याच मनात शंकांचे काहूर उठले. मनुष्यामनुष्यांत जन्माने उच्चनीच भेद करणारा धर्म ईश्वराचा असू शकेल काय, असे त्यांस वाटू लागले. ईश्वर हा सर्वांचा पिता व माणसे ही सर्व भावंडे, एवढ्या पायावर एखादा नवाच धर्म उभारावा, असाही विचार त्यांच्या मनात घोळू लागला. तो धर्म अगोदरच कोणी जगून दाखविला आहे, हे त्यांना अजून ठाऊक नव्हते.

पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळेल अशी आशा वाटून ते नागपूरहून आगगाडीने निघाले. राजनांदगाव हे गाव आपल्या गडचिरोलीच्या ईशान्येस, रान ओलांडल्यावर लागणाऱ्या छत्तीसगडच्या मुलखात आहे. भंडारा, गोंदिया, डोंगरगड करीत ती गाडी जाते. त्या डब्यात त्यांच्यासमोर एक गोरे गृहस्थ बसले होते. गोऱ्या माणसाकडून त्या काळी सहसा आढ्यतेची अपेक्षा असे, पण हे गृहस्थ नम्रतेने बोलू लागले. गोष्टी कवितेवरून निघाल्या व धर्मावर येऊन ठेपल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून निरोप घेतला. टिळकांस ते बोलणे विचित्र वाटले. तरीही पुस्तक वाचून पाहण्याचे वचन त्यांनी दिले होते.

वचनाखातर त्यांनी वाचावयास आरंभ केला. हाती पेन्सिल घेऊन खुणा करीत वाचण्याची त्यांची रीत होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या पानांनी त्यांचे मन ओढले नाही. पण पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, ते थांबले. ते तीन अध्याय सोडून पुढे जाणे त्यांस जड झाले. हिंदु तत्त्वज्ञानाने ज्या शंकांचे निरसन केले नव्हते, त्यांची उत्तरे त्या थोड्या पानांत त्यांस सापडली. उपदेशक बंधूंनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. टिळकांना प्रभूकडे आणणारे व्याख्यान कोणी दिले नाही, वादविवादही कोणी केला नाही. एका प्रवाशाची सभ्यता, एक लहान पुस्तक व एकांत, एवढी सामग्री प्रभूला पुरली.

तेथून बाप्तिस्म्यापर्यंत जो काळ गेला, तो त्यांच्या जिवाच्या ओढाताणीचा होता. विश्वास अंतःकरणात आला होता, पण तो उघड कबूल केला म्हणजे बायको, मूल, आप्त, मित्र, उपजीविका सर्व हातचे जाणार हे दिसत होते. या काळात टिळक स्वतःच चटईच्या टोकावरचे मनुष्य होते, असे आम्ही म्हणतो. ते प्रभूचे शिष्य झाले होते आणि कोणत्याही मंडळीच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. पुढे बाप्तिस्मा न झालेल्या शिष्यांविषयी त्यांस जो कळवळा वाटे, त्याचे बीज येथेच पडले असावे.

अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनरी साहेबांशी त्यांचा स्नेह होता. तरी हा विधी देशी पाळकाच्या हातूनच व्हावा असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो केला. ख्रिस्त आपल्या भूमीचा आहे व त्याच्याकडे जाताना आपली भाषा, आपला वेश, आपली माणसे टाकावी लागत नाहीत, हा विचार त्यांच्या पहिल्या पावलातच होता.

पण माणसांनी त्यांस टाकले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहान मुलास घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्या परत आल्या तेव्हाही ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली, पाणी वेगळे ठेविले, सोवळेओवळे पाळले. टिळकांनी त्यांवर जबरदस्ती केली नाही. एका छपराखाली एक बाप्तिस्मा घेतलेला व एक न घेतलेली, असा तो संसार चालू राहिला. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात आपण होऊन उभा राहिला. आपल्याच विचाराने त्यांनी त्याचा निकाल लावला, आणि सन १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी आपल्या आठवणी स्मृतिचित्रे या ग्रंथात लिहिल्या. तो मराठी भाषेतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक गणला जातो. ज्या बाईस लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते, तिच्या हातून हा ग्रंथ झाला.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे मुख्य वास्तव्य अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे झाले. तेथील मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात त्या पतिपत्नींनी निराश्रित मुलांस आपल्या घरात घेतले. सन १९०४ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. सन १९१२ पासून ज्ञानोदय या पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. हे पत्र १८४२ साली निघालेले असून, मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

पण त्यांची खरी सेवा भजनांची होय. त्यांच्यापूर्वी आपल्या मंडळ्यांत परदेशी चालींवर बसविलेली पुष्कळ गीते चालत. शब्द मराठी असले तरी ती नांगरामागे चालताना किंवा जात्यावर दळताना ओठी येत नसत. टिळकांनी अभंग व ओवी ही आपल्या मातीची छंदरचना घेतली, टाळमृदंगास उपासनेत मानाची जागा दिली आणि स्वतः उभे राहून ख्रिस्तकीर्तने केली. नगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया अगोदरच घातला होता. टिळकांच्या वाणीने त्याला नवा बहर आला. देहूच्या तुकोबारायांविषयी त्यांचा आदर कधीही उणा झाला नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते मानीत. महाराष्ट्राच्या संतांची वाणी ही आपल्या लोकांसाठी एक प्रकारचा जुना करारच आहे, असे त्यांचे मत होते. हे ऐकून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडत. पण ज्या बाईने बालपणापासून भजनाच्या नादात देव धुंडाळला, तिला टिळकांचा अभंग ऐकून परके वाटत नसे, हे आम्ही आमच्या मंडळ्यांतही पाहिले आहे.

त्यांच्या घराचे दार सर्वांस उघडे असे. बालकवी या नावाने प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे तरुणपणी नगरास त्यांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस लेकराप्रमाणे वागविले. हा तरुण हिंदु होता व हिंदुच राहिला. त्याच्यावर धर्माचे दडपण कोणी आणले नाही. प्रेम केले म्हणजे त्याची परतफेड बाप्तिस्म्याने मागावी, असा व्यवहार त्या घरात नव्हता.

टिळकांचे दोष झाकावे असे आम्हांस वाटत नाही. ते शीघ्रकोपी होते. रागाच्या भरात बोलत व मागाहून हळहळत. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे. दारी गरजू आला की घरात काय शिल्लक आहे हे न पाहता देऊन टाकीत, आणि उद्याच्या जेवणाची काळजी लक्ष्मीबाईंच्या पदरी पडे. एक बेत मनात आला की त्याच्यामागे धावत, आणि तो पुरा होण्यापूर्वी दुसरा मनात येई. देव निर्दोष माणसांची वाट पाहत बसला असता तर त्याचे कोणतेच काम झाले नसते.

आता आम्ही त्यांच्या अखेरच्या कार्याकडे वळतो. वीस वर्षांहून अधिक काळ मिशनच्या छायेत राहून टिळकांच्या मनास दोन गोष्टी डाचत होत्या. पहिली ही की, ख्रिस्ती मंडळी आपल्याच देशात पाहुण्यासारखी राहत होती. शेजारच्या आळीत राहणाऱ्यास तिच्या आवारात यावयाचे म्हणजे कचेरीत गेल्यासारखे वाटे. उपदेशकाचा पगार परदेशातून येई, आणि म्हणून लोक त्याच्या शब्दालाही पगारी समजत. दुसरी गोष्ट अशी की, महाराष्ट्रात गावोगाव असे लोक होते की जे ख्रिस्तावर प्रीती करीत, त्याचे शिक्षण वाचीत, मनोमन त्याला गुरु मानीत, परंतु मंडळीत येत नसत. त्यांना बसावयास जागा नव्हती. देवळातही नाही आणि प्रार्थनागृहातही नाही.

सन १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. प्रभूने आपल्याला बोलाविले आहे अशी त्यांची खात्री झाली होती. वय पंचावन्न उलटून गेले होते, प्रकृती खालावली होती, साठविलेले धन नव्हते. अशा वेळी त्यांनी संन्यास पत्करला. मात्र हा संन्यास बायकामुले टाकण्याचा नव्हता. पगार, पद व मिशनचा आधार यांचा तो त्याग होता. ते सहकुटुंब साताऱ्यास राहिले आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार स्थापिला.

हा दरबार म्हणजे काय? तो बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ होता. दारावर वही नव्हती. येणाऱ्यास जात विचारावयाची नाही, बाप्तिस्मा झाला आहे की नाही हेही विचारावयाचे नाही. ख्रिस्ताला गुरु मानतोस काय व त्याच्या मागे चालू इच्छितोस काय, एवढेच पाहावयाचे. एकत्र बसून भजन, प्रार्थना व चिंतन करावे, आणि तेथून उठून शेजाऱ्यांची सेवा करावी, अशी त्याची घडण होती. परदेशच्या पैशावर तो उभा नव्हता. ख्रिस्ताची ओळख आधी व्हावी, त्याच्या सहवासात मन मुरावे, मग बाहेरचे विधी ज्याच्या त्याच्या अंतःकरणाने आपापल्या वेळी स्वीकारावे, हा त्यामागील विचार होय.

येथे चिंतनाविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. टिळकांचा ख्रिस्त हा केवळ पुस्तकातला किंवा व्यासपीठावरून सांगितलेला नव्हता. ते त्याच्याशी बोलत, त्याच्यापाशी रुसत, त्याच्यापुढे गप्प बसत. अभंगांजलीतील अभंग हे बहुतांशी या एकांताचे फळ आहे. योग या शब्दाचा अर्थ ख्रिस्ताशी जडणे असा त्यांनी घेतला. आसन घालून श्वास मोजण्यापेक्षा प्रीती करणे त्यांस मोठे साधन वाटे. आपल्या उपासनेत बोलणे फार व ऐकणे थोडे, हे दुखणे त्यांनी ओळखले होते.

अशा योजनेविषयी शंका निघणे साहजिक होते, आणि त्या शंका खोट्या नव्हत्या. बाप्तिस्म्यावाचून शिष्य म्हणवून घेता आले, तर उघड कबुलीचे मोल कमी होणार नाही काय? ज्या महार व मांग बांधवांनी गावचा बहिष्कार सोसून, विहीर बंद झाली असताही, उघडपणे प्रभूचे नाव घेतले, त्यांच्या शेजारी जात न सोडणारा सुखवस्तु मनुष्य आपल्याला ख्रिस्तशिष्य म्हणवू लागला, तर तो न्याय होईल काय? आम्ही स्वतः पाळक असून, ज्यांनी किंमत देऊन बाप्तिस्मा घेतला अशा लोकांमध्ये आमचे आयुष्य गेले आहे. म्हणून हा प्रश्न आम्हांस लहान वाटत नाही. टिळकांनाही तो लहान वाटला नसेल. ज्याने बाप्तिस्म्यासाठी पाच वर्षे पत्नीचा वियोग सोसला, तो बाप्तिस्म्यास हलके कसे लेखील? त्यांचे म्हणणे आम्ही असे समजतो की, दरवाजा मोडावयाचा नाही, परंतु दरवाज्याबाहेर ओटा असावा. उन्हातून आलेल्या वाटसरूने आधी ओट्यावर बसावे, पाणी प्यावे, आतला दिवा पाहावा. मग आत येण्याचे धैर्य त्यास येईल.

हा ओटा बांधून पुरा झाला नाही. दरबारास दोन वर्षेही लाभली नाहीत. टिळकांचे दुखणे वाढत गेले व त्यांस मुंबईस नेण्यात आले. तेथे जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्या देहास अग्निसंस्कार देण्यात आला. ख्रिस्ती होऊन आपण आपल्या लोकांस परके झालो नाही, याची ती शेवटली साक्ष होती असे आम्हांस वाटते. पुढारी गेल्यावर दरबारही विस्कटला. त्यास घटना नव्हती, निधी नव्हता, दुसरा टिळक नव्हता.

तर मग हे कार्य फुकट गेले काय? जे. सी. विन्स्लो नावाचे इंग्रज पाळक नगर भागात काम करीत असता त्यांच्या मनावर टिळकांचा खोल ठसा उमटला होता. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला आणि १९२३ साली टिळकांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. देशी व युरोपियन बंधूंनी एकत्र, साधेपणाने राहावे, खाली बसून जेवावे, प्रार्थना व सेवा करावी, असा तो संघ होता. पुढे पुण्यास शिवाजीनगर भागात त्याचा आश्रम झाला. १९७२ पासून त्याच आश्रमात रोमन कॅथॉलिक व अँग्लिकन भगिनींनी मिळून प्रार्थना व चिंतनाचे जीवन नव्याने सुरू केले, आणि तेथे अन्य धर्मांतील जिज्ञासूंचेही स्वागत झाले. साताऱ्यास पेरलेले बी पुण्यास उगवले.

घरातही ते बी उगवले. टिळकांनी ख्रिस्तायन हे प्रभूचे ओवीबद्ध चरित्र आरंभिले होते. अकरा अध्यायांवर ते थांबले. लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली व पुढील चौसष्ट अध्याय रचिले. त्या १९३६ साली निवर्तल्या, आणि शेवटचा अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. ज्या बाईने एके काळी नवऱ्याच्या हातचे पाणी वर्ज्य केले होते, तिनेच त्याचे अपुरे काम उचलून धरिले. दरबाराची खरी रीत याहून अधिक चांगली कोण सांगेल? ती बाप्तिस्म्यापूर्वी त्या घरात सामावली होती, म्हणूनच पुढे ते घर तिने चालविले.

आता आपल्या गावांकडे पाहू. आपला मुलूख एकांताला परका नाही. पहाटे मोहफुले वेचावयास जाणारी बाई दोन घटका रानात एकटी असते. तेंदूपानांच्या हंगामात, धानाच्या बांधीवर, राखणीच्या मचाणावर, आपल्या लोकांस जी शांतता मिळते ती शहरातल्या श्रीमंतास पैसे देऊन मिळत नाही. तिचा उपयोग प्रभूपाशी बसण्याकडे करावा, हे कोणी त्यांस शिकविले आहे काय? चिमूर-ब्रह्मपुरीकडील पुष्कळ गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेली सामुदायिक प्रार्थना होते. जात न विचारता माणसे एका सतरंजीवर बसतात आणि काही काळ स्तब्ध राहतात. आमचे शेजारी स्तब्ध बसणे जाणतात. आमची ओळख मात्र त्यांस कर्ण्यावरूनच व्हावी, हे आम्हांस शोभत नाही.

यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक मंडळीने आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी की, त्या वेळी उपदेश होणार नाही, वर्गणी मागितली जाणार नाही व कोणाचे नाव लिहून घेतले जाणार नाही. एक कंदील लावावा. टिळकांचे एखादे भजन सावकाश म्हणावे. शुभवर्तमानातील थोडा भाग वाचावा. मग सर्वांनी मुकाट्याने बसावे. लहान मुले कुजबुजतील, कुत्रे भुंकेल, त्याची काळजी करू नये. गोंड असो, कुणबी असो, महार असो की बुरूड असो, ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे. तो किती दिवसांनी पुढे येईल हे मोजू नये. ज्यांनी उघड कबुलीची किंमत दिली, त्यांचा मान रविवारच्या प्रभुभोजनात राखलेलाच आहे. संध्याकाळच्या त्या चटईने तो कमी होणार नाही.

आणि उपदेशक बंधूंनो, येत्या प्रभुवारी दाराजवळच्या चटईच्या टोकावर जो बसेल, त्यास उपासनेनंतर गाठून बाप्तिस्मा कधी घेणार असे विचारू नका. त्याच्या बैलाचे, धानाचे, आजारी लेकराचे विचारा, आणि त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. निकदेम रात्रीच्या वेळी प्रभूकडे आला, तेव्हा प्रभूने त्यास दिवसा ये असे सांगून परत पाठविले नव्हते. पुढे वधस्तंभावरून प्रभूचा देह उतरविल्यावर, शिष्य पांगलेले असता, गंधरस व अगरू घेऊन उघडपणे येणारांत तोच निकदेम होता.